आधी हात

कुवेतची लढाई संपून काही महिने झाले होते. मी तेव्हा बहारीनमध्ये एका ट्रॅव्हल एजंटची गाडी चालवायचो. उम्म अल हस्सम या वस्तीतून एका वेल्डरला विमानतळावर सोडायचं होतं. चाळिशीचा, गुहागरकडचा माणूस. कंपनी त्याला पहिल्यांदाच कुवेतला पाठवत होती. तिथल्या वाळूत अजून सुरुंग सापडत होते.

गाडीत बसताच त्याने विचारलं, "भाई, सैनिकाने अडवलं तर अरबीत काय बोलू?"

"अना हिंदी, मफी सिलाह," मी शिकवलं. "म्हणजे मी भारतीय, हत्यार नाही."

तो तेच पुटपुटत राहिला. प्रत्येक वेळी दोन्ही तळवे उघडून खांद्यापर्यंत न्यायचा. सिग्नलला शेजारच्या गाडीतली माणसं बघू लागली, तरी थांबला नाही.

"आधी हात वर करू, की आधी बोलू?"

"आधी हात," मी म्हणालो. खरं तर मलाही ठाऊक नव्हतं.

"घरी काय सांगितलंत?" मी विचारलं.

"बहारीनलाच आहे म्हणून. आईला झोप लागायला हवी."

तो पुन्हा कधी दिसला नाही. परतीला दुसरी गाडी मिळाली असेल. पण तो कुठे गेला, हे त्याच्या घरात कुणालाच माहीत नव्हतं आणि मला माहीत होतं.