भूतगाडी

चूक माझीच. मेट्रो नवी असताना तिचे रिकामे डबे पाहून सोसायटीच्या कट्ट्यावर मीच तिला ‘भूतगाडी’ म्हणालो. टोपणनाव ठेवल्याशिवाय कुठल्याच शहराला आपली गाडी आपली वाटत नाही, आणि वैताग असा की ठेवलेलं नाव परत घेता येत नाही. आता डबे भरून जातात, तरी नाव तेच. ती गाडी चालवणाऱ्या शेजारच्या सायलीला तर सोसायटीत ‘हडळ’ म्हणू लागले.

काल मी धावत फलाटावर पोचलो. केबिनमधून डोकावत तिने दारं क्षणभर उघडी ठेवली. “या काका, हडळ गिळत नाही कुणाला.”

शेवटच्या स्टेशनवर सायली पिशवी घेऊन परतीच्या फेरीसाठी दुसऱ्या टोकाच्या केबिनकडे निघाली. मी बरोबर चालत म्हणालो, “सायली, ते भूतगाडी नाव मी ठेवलं. चुकलो गं, माफ कर.”