खळीतलं कुंकू

मी पायाळू. आईच्या पोटातून डोक्याऐवजी पाय पुढे करून आले, आणि आमच्या गावात त्याचा अर्थ असा की माझा पाय साऱ्या गावाच्या मालकीचा. कुणाच्या कमरेत उसण भरली, कुणी नारळाचं ओझं उचलताना वाकला तो वाकलेलाच राहिला, की निरोप यायचा, पोरीला पाठवा. माणूस ओटीवर पालथा पडायचा. मी त्याच्या कमरेवरून पाय फिरवायचा आणि शेवटी एक लाथ द्यायची. ती हळू द्यायची असते. मी हळू देत नसे.

लोकांना वाटे, पोर लहान आहे, तिला काय कळतंय. मला सगळं कळत होतं. विहिरीवर माझ्या आईला "दुसरीपण मुलगीच काय गो?" म्हणून विचारणारा माणूस माझ्या पायाखाली आला की मी त्याला टाचेनं हाणत असे. तो कळवळायचा आणि बाहेर जाऊन सांगायचा की हिच्या पायाला गुण आहे. चार दिवस पडून राहिलं की उसण आपोआप उतरते, हे मी फार लवकर ओळखलं होतं. पण मी ते कुणाला सांगायला गेले नाही. गावाला लाथा घालायची परवानगी कुठल्या मुलीला मिळते?

आमचं घर रत्नागिरीच्या खाडीपलीकडे, शहरात जायचं तर होडीनं. सन तीसच्या आगेमागेची ही गोष्ट. वडील मुंबईला एका गोदामात कामाला होते. वर्षातून एकदा येत, आणि आले तरी मोठ्या भावासमोर मान वर करत नसत. घर चालवायचे थोरले काका. त्यांचा एक मचवा होता, नारळ आणि कौलं भरून मुंबईला जाणारा. काकांना मुलगेच होते. घरात मुली काय त्या आम्ही दोघी, धाकट्या भावाच्या. आम्ही पानावर बसलो की काकांना हटकून तांदळाची महागाई आठवायची.

माझी बहीण माझ्यानंतर बऱ्याच वर्षांनी झाली. सुईणीनं तिला पालथं करून अंग पुसलं, तेव्हा पाठीच्या कण्याच्या अगदी शेवटाला एक खोल खळी दिसली, आणि खळीच्या कडेला मऊ केसांचा झुबका. सुईण जुनी, व्यवहार जाणणारी. पुन्हा मुलगी झाली हे बाहेर बसलेल्या काकांना सांगायचं म्हणजे वर थोडी साखर पेरायला हवी होती. ती म्हणाली, "देवीनं बोट टेकलंय पोरीच्या पाठीवर."

त्याच वर्षी वादळात बंदरातले पुष्कळ मचवे फुटले आणि आमचा तेवढा धड परत आला. झालं. सुईण आपली बोलून गेली, आणि काकांनी ते बोलणं डोक्यावर घेतलं.

नारळी पौर्णिमेला आमच्याकडे सगळेच मचव्याच्या नाळेला, म्हणजे पुढच्या टोकाला, कुंकू लावतात आणि दर्याला नारळ देतात. काकांनी त्याआधी एक विधी घुसवला. धाकटीला पाटावर पालथी निजवायची, काकीनं तिचा परकर जरा खाली सारायचा, आणि काकांनी तेलात कालवलेलं कुंकू करंगळीनं त्या खळीत भरायचं. मग तेच बोट नाळेला टेकवायचं. पुढे पुढे मचवा कुठेही निघाला तरी हे होऊ लागलं. खलाशांचा म्होरक्या, तांडेल, हात जोडून अंगणात उभा राहायचा. लहान होती तोवर धाकटी हसायची, तिला गुदगुल्या व्हायच्या. कळायला लागल्यावर रडू लागली, तेव्हा काकी तिचे हात धरून ठेवू लागली.

घरात दोन मुली, दोघी नकोशा. पण एकीचा पाय हवा आणि दुसरीची पाठ. मला हे आठवलं की आजही अंगाचा भडका उडतो.

धाकटी चालायला उशिरा लागली, आणि लागली तरी डावं पाऊल जरा आत टाकायची. सहा-सात वर्षांची झाली तरी अंथरूण ओलं करायची. त्याबद्दल काकी रोज सकाळी आईचा उद्धार करायची, की पोरीला वळण नाही. वळण पाठीतच चुकलंय हे कुणाच्या डोक्यात आलं नाही. मग एका पावसाळ्यात खळीतून पाणी येऊ लागलं, पाण्याचा पू झाला, तिला ताप भरला आणि डावा पाय जमिनीवरून ओढला जाऊ लागला. काका म्हणाले, गळू असेल, पोटीस बांधा.

शेजारच्या घरात एक बाई बाळंतपणात अडली होती, तिच्यासाठी शहरातून डॉक्टरीणबाई आल्या होत्या. आईनं तेवढं साधलं. धाकटीला कडेवर घेऊन ती मागच्या दारानं गेली, मी तिच्याबरोबर. बाईंनी गोठ्याच्या दारातल्या उजेडात पाठ पाहिली. म्हणाल्या, अशा खळ्या पुष्कळ मुलांना असतात, तळ दिसत असला तर त्यांचं काही वाटून घ्यायचं नसतं. "हिला तळ दिसत नाही. ही वाट आत कण्यापर्यंत जात असणार. आतला पू वर चढला तर मुलगी हाती लागणार नाही. आणि चढला नाही तरी पाय जाईल. दवाखान्यात आणा, तिथे ती जागा उघडून साफ करतील. थांबू नका." आणि जाताना त्यांनी बजावलं की त्या खळीत काहीही घालायचं नाही.

आईनं घरी येऊन दाराआडून हे सगळं काकांना सांगितलं. एरवी तिचा आवाज कुणाला ऐकू येत नसे.

"पौर्णिमा होऊ दे," काका म्हणाले. "मग बघू."

"डॉक्टरीणबाई म्हणतात, थांबू नका."

"डॉक्टरणीचा मचवा हाय काय दर्यात? देवीच्या बोटाला सुरी लावायची म्हणते, आणि तू ते ऐकून आलीस."

पौर्णिमेला आठवडा होता. धाकटी तापानं फणफणत होती. आई रात्रंदिवस तिच्या उशाशी बसलेली, आणि काका मचव्यावर पावसासाठी घातलेले झाप काढून घेण्यात दंग. देव तारी त्याला कोण मारी, असं ते येताजाता म्हणत.

आणि देवानंच म्हणा, पण मधेच काकांना गाठलं. डोलकाठी उभी करताना ते जोर लावायला वाकले आणि तसेच राहिले. गड्यांनी त्यांना फळीवर घालून घरी आणलं. ओटीवर पालथे पडले तरी कण्हणं थांबेना. मला हाक आली.

"पाय लाव गो."

मी उंबऱ्यावरच उभी राहिले. "नाय लावणार."

काकांनी मान वळवायचा प्रयत्न केला, पण कमरेनं त्यांना तेवढंही करू दिलं नाही.

"आधी धाकटीला दवाखान्यात पाठवा," मी म्हटलं. "ती पलीकडे पोचली की लावते."

काकी पदर खोचून पुढे आली. "वडील माणसाशी असं बोलतात काय गो?"

"वडील माणसाला लाथ मारतात ती चालते काय मग?"

काकांचा मोठा मुलगा हात उगारून आला, पण काकांनीच त्याला अडवलं. पायाळूनं रागानं लाथ मारली तर उसण कण्यात वर चढते, असं गावात म्हणत. ही समजूत कुणी काढली ठाऊक नाही, देव त्याचं भलं करो. मी इतकी वर्षं रागानंच मारत आले होते आणि कुणाची चढली नव्हती, पण ते मी कशाला सांगू?

मला जेवायला वाढलं नाही. मी उपाशी राहिले. दुसऱ्या दिवशी शेजारच्या वाडीतला एक पायाळू आणला. दांडगा माणूस, भात झोडपायची सवय. त्यानं अशी काही लाथ घातली की काका लहान पोरासारखे ओरडले, आणि दुपारपर्यंत त्यांना कुशीवरही वळता येईना. पौर्णिमा जवळ येत होती. मचवा काठावर उभा, तांडेल अंगणात ताटकळत. अडला हरी, गाढवाचे पाय धरी म्हणतात. इथे गाढव मीच होते, आणि मला त्याची मुळीच लाज वाटली नाही.

संध्याकाळी काका चटईत तोंड खुपसून आईला म्हणाले, "ने गो तिला."

"आता पाय लाव," काकी मला म्हणाली.

"होडी पलीकडे लागू दे."

गरज सरो नि वैद्य मरो, हे मी त्याच घरात शिकले होते. आई धाकटीला पाठीशी बांधून पावसात निघाली. धाकटीचे पाय खाली लोंबत होते. आमच्या ओटीवरून माडांमधून खाडी दिसे. मी खांबाला टेकून होडीकडे बघत राहिले, आणि माझ्या मागे काका कण्हत राहिले. होडी पलीकडे लागली, आई उतरताना दिसली, तेव्हाच मी त्यांच्या कमरेवर पाय ठेवला. त्या दिवशी लाथ मात्र अगदी हळू दिली. जोरात दिली असती तर रागानं मारली म्हणून त्यांनी माणूस पाठवून दोघींना परत आणलं असतं.

दवाखान्यात धाकटीची ती जागा उघडली. पू निघाला, आणि पुवाबरोबर लाल गाळ. डॉक्टरीणबाईंनी आईला विचारलं, हे लाल काय आहे? आईनं सांगितलं. बाई उठून गेल्या. धाकटी बरेच दिवस जगते की जाते अशी होती, पण जगली. अंथरूण ओलं होणं हळूहळू कमी झालं. डावा पाय मात्र परत आला नाही. आधी आणली असतीत तर कदाचित वाचला असता, असं बाईंनी आईला स्वच्छ सांगितलं.

काका दोन-तीन दिवसांत उठून बसले. भावाच्या मुलीनं हट्ट केला खरा, पण पायाला गुण हाय तिच्या, असं ते आल्यागेल्याला सांगू लागले. आणि त्या वर्षी शीड फाटलं तरी, नारळ कुजले तरी, खापर फोडायला डॉक्टरची सुरी होतीच. पोर चांगली होती, कापून लंगडी केली, हेही ते सांगत. लोक माना डोलवत.

पुढच्या पौर्णिमेला ते पुन्हा ताम्हन घेऊन माजघरात आले. म्हणाले, खळी भरली म्हणून काय झालं, जागा तीच हाय. काकीनं पाट मांडला. मी मधे पडणार होते, पण धाकटीच उठली, पाय ओढत भिंतीपाशी गेली आणि भिंतीला पाठ लावून खाली बसली. मग तिनं दोन्ही हातांनी तो डावा पाय उचलून काकांच्या पुढ्यात सरळ केला.

"हितं लावा, काका," ती म्हणाली.

माझ्या पायाखाली पालथं पडताना काकांना कधी संकोच वाटला नव्हता. त्या पायाकडे मात्र त्यांना बघवेना. ताम्हन खाली ठेवून, करंगळीवरचं कुंकू तसंच घेऊन ते बंदरावर निघून गेले. मचवा गेला आणि पुढे सुखरूप परतही आला. त्या दिवशी मात्र धाकटी दिवसभर भिंतीला पाठ लावून बसली होती. संध्याकाळी आई जेवायला बोलवायला आली तेव्हा धाकटीनं विचारलं, "काका गेले काय?"