उभी कानस

त्या सकाळी कान्हे गावातल्या आमच्या शेडात चौघं व्हतो. मी, खुर्चीत माजे मालक, आमची थोरली लेक, आन तळेगावचे सर. मधी सरांच्या वडलांची रेसची जुनी मोटरसायकल. इंजिनाच्या पोटाला मूठ जाईल येवढं भोक पडल्यालं. आतला कनेक्टिंग तुटून भायेर आलता. पिस्टन आन क्रँक जोडतो त्यो दांडा. मीच घासल्याला.

मालकांचं ह्या कामात नाव व्हतं. दांडा, पिस्टन, त्याची पिन, सगळं कानसीनं घासून हलकं करायचं, सोनाराच्या काट्यावर तोलायचं. आतलं हलकं झालं की इंजिन झटदिशी चढतंय. मंग येक दिस त्यांच्या उजव्या अंगावरनं वारं गेलं. हात लुळा पडला. पंधरा दिस शेड बंद व्हतं. सोळाव्या दिशी मी कुलूप काढलं. मी तिसरी शिकल्याली, पन काटा मला बघता येत व्हता. रडत बसाया सवड न्हवती.

घासायचं मला ठावं, पन चुलीवरच्या काळ्या पातेल्याचं. तसाच सरांचा दांडा गोल गोल घासला. आरशागत चकाकला. मालक निजलेले. त्यांना न दावताच बसवून दिला. सरावाच्या दुसऱ्याच फेरीला तुटला. सर पडले, गुडघा फुटला.

मालकांनी तुकडा डाव्या हातात घिऊन उजेडाकडं धरला.

"कुनी घासलं आसं?"

"मी."

"पातेलं हाय व्हय ह्ये? आडवा ओरखडा ऱ्हायला की तितनंच तुटतंय. कानस उभी चालवायची, लांबीला."

लेक म्हनली, "चकाकत मातर लय व्हता, आय."

कुनी हसलं न्हाई. मंग सरच हसले, गुडघा धरून.

"मावशी, आता एकच दांडा उरलाय. वडिलांनी कापडात गुंडाळून ठेवलेला. असा आता कुठे मिळत नाही. हाही तुटला तर गाडी बैठकीत शोभेला ठेवायची."

मी म्हनलं, "सर, माजीच चूक. दुसऱ्या मेस्त्रीकडं न्ह्यायचा तर न्ह्या. मला दिला तर मालकांना दावल्याबिगर बसवनार न्हाई."

सर मालकांकडं बघाय लागले. मालक म्हनले, "हिलाच द्या. आता ही आडवी कानस धरायची न्हाई."

नऊ दिस घासला. वरनं खाली, वरनं खाली. मनगट सुजलं, तेल चोळलं, परत बसले. रोज संध्याकाळी दांडा मालकांच्या डाव्या हातात द्यायची. ते डोळं मिटून अंगठा फिरवायचे. "हितं लागतंय," म्हनायचे. आठ दिस कुटं ना कुटं लागलंच. नवव्या दिशी अंगठा दोनदा फिरला आन दांडा गपचिप माज्या वटीत ठिवला. वरचं हलकं केलं तर क्रँकचं वजनबी त्याला जुळवाय लागतंय, न्हाईतर इंजिन थरथरतंय. ते भोकं पाडून जुळवलं. पोटाचं भोक वेल्डिंगनं बुजवलं, मंग इंजिन बांधलं.

रेस लोणावळ्याच्या वरल्या माळावर व्हती. मालकांना टेम्पोत खुर्चीसकट न्हेलं. पयली फेरी झाली. दुसरीला माज्या मुठी आवळल्या. गाडी चढाला लागली आन आवाज चढत गेला, चढत गेला, कुटं अडला न्हाई. बाजूचा येक जन म्हनला, "कुनी केलंय रं ह्ये इंजिन?"

मालक मोठ्यांदा म्हनले, "आमच्या मंडळींनी!"

आजारपनापासनं त्यांचा येवढा मोठा आवाज मी आयकला न्हवता. मी पदर तोंडाला लावला, धूळ लय व्हती.

सर चौथे आले. बक्षीस न्हाई मिळालं. पन वडलांची गाडी स्वताच्या चाकावर परत आली. सरांनी मालकांचा आन माजा, दोघांचाबी हात हातात घेतला.

आता गाड्या येत्यात त्या मला इचारत येत्यात. "मावशी हायेत का?" मालक खुर्चीतनं सांगत्यात, "हायेत, कानस चाललीय."

सरांचा त्यो दांडा अजून धावतोय. तसला दुसरा मातर आमाला कुटं गावला न्हाई. तवा वाचनाऱ्यांना येवढंच सांगनं हाय. तुमच्या माळ्यावर, पोत्यात, आसा जुना दांडा पडला आसंल तर भंगारवाल्याला दिऊ नका. कान्ह्याला आमच्या शेडात आनून द्या.