पुडीची चव

सोनाळ्यात माझं औषधांचं दुकान आहे आणि मी फार्मसी शिकलेली बाई आहे. हे आधीच सांगते, कारण पुढे जे घडलं त्यात 'मला काय कळतं' असं म्हणायची सोय मला नाही.

दुखणं बोटांपासून सुरू झालं. चाळिशी उलटून दोन वर्षं झाली होती. सकाळी उठावं तर मुठी वळत नसत. बोटांची मधली पेरं सुजून तुरीच्या शेंगेसारखी गाठाळ झाली होती. चहाचा भरलेला गंज उचलवेना, ब्लाऊजचे हूक लागेनात. माझी वेणी नवरा घालू लागला. जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर आहे तो, पोरांना अक्षरं गिरवायला लावावी तसा जपून घालायचा. दहा वाजेपर्यंत बोटं थोडी सैल होत आणि मी दुकान उघडायची. पण गोळ्यांची पट्टी कापायच्या कात्रीत अंगठा शिरेना. मग मी काउंटरखाली वाकून पट्ट्या दातांनी तोडू लागले. एकदा एका बाईनं तशी पट्टी हातात घेतली, उलटसुलट पाहिली, पदराला पुसली आणि पिशवीत टाकली. पण त्या दिवशी मला माझ्याच तोंडाची किळस येत राहिली.

रक्त तपासलं. कागद वाचायला मला कुणाची गरज नव्हती. हा संधिवाताचा असा प्रकार होता, ज्यात शरीर आपल्याच सांध्यांवर उठतं. त्याचं औषध माझ्याच कपाटात होतं, मेथोट्रेक्सेट. चार-पाच गिऱ्हाइकांना मी ते नेहमी द्यायची आणि दर वेळी बजावून सांगायची, आठवड्यातून एकदाच घ्या, रोज नाही, आणि रक्त तपासत जा. स्वतःवर आलं तेव्हा मी डबीतला बारीक अक्षरांचा कागद काढून वाचला. यकृत, केस, तोंडातले फोड. कागदाची घडी घातली, परत ठेवला आणि ठरवलं, आधी बाकीचं करून पाहू.

बाकीचं म्हणजे लोक सांगतील ते. ज्याला कळलं त्यानं माझ्या ताटातली एकेक वस्तू उचलून नेली. तुरीची डाळ वातूळ, वांगं नको, टमाटं नको, दही तर नकोच. उरला दुधी आणि मुगाचं पाणी. सकाळी लसूण घालून उकळलेलं दूध. त्यावर तेलाचे बारीक डोळे तरंगायचे आणि नाक दाबून प्यायलं तरी ढेकर दुपारपर्यंत त्याच वासाचे. वर कोरफडीचा रस. तो गिळताना घशातून शेंबूड उलटा उतरतोय असं वाटायचं.

त्यात नणंद आली, खामगावहून, एका कंपनीचे डबे घेऊन. हिरवी पावडर, हळदीच्या कॅप्सूल, माशाच्या तेलाच्या गोळ्या, आणि सांध्यांतलं वंगण वाढवणारं म्हणून एक गुलाबी सरबत.

"वहिनी, हे सगळं नैसर्गिक आहे. याले साइड इफेक्टच नाही," ती म्हणाली.

"मग इफेक्ट तरी आहे का?" मी विचारलं.

तिला राग आला. पण डबे मी ठेवून घेतले आणि तीन महिने खाल्ले. असलेच डबे, दुसऱ्या नावांचे, माझ्या दुकानात दर्शनी फळीवर होते, आणि त्यांच्यावरची हसरी म्हातारी माणसं मला रोज बघत होती. मी ते विकताना कधी कुणाला विचारलं नव्हतं की फरक पडला का. तीन महिन्यांनी माझं वजन उतरलं, रक्त कमी झालं, आणि गुडघेही सुजले.

तेव्हा कुणीतरी एका वैद्याचं सांगितलं. शेगावला जायच्या रस्त्यावर, एका शेतात पत्र्याचं शेड होतं. गुरुवारी तिथं जत्रा असायची. शेगावला दर्शनाला आलेली माणसं तशीच पुढे त्याच्याकडे वळायची. मी नवऱ्यासोबत गेले. वैद्य धोतर-बंडीतला, गोडबोल्या माणूस. त्यानं माझी नाडी धरली, डोळे मिटले. समोर स्टीलच्या डब्यात राखाडी भुकटी होती. तो जिभेला बोट लावून कागद वेगळे करायचा आणि त्याच बोटांनी भुकटीची चिमूट टाकून पुड्या बांधायचा. मला ते पाहवेना, म्हणून मी शेडच्या पत्र्याकडे पाहत बसले.

"ताई, इंग्रजी औषधं शरीरात गर्मी करतात," तो म्हणाला. "हे जंगलातलं आहे. आठ दिवसांत तुम्ही स्वतः सांगसान."

घरी येऊन पहिली पुडी जिभेवर टाकली. आधी सुंठ, मग राख, आणि त्यांच्या मागून एक कडूपणा आला, जो जिभेच्या मागच्या बाजूला चिकटून बसतो आणि पाण्यानं जात नाही. ती चव मी ओळखली. लहान मुलांसाठी स्टेरॉइडची गोळी चुरून द्यायची असली की आई-बाप तक्रार घेऊन येतात, पोरगं थुंकून टाकते म्हणून. एकदा मीच चाखून पाहिली होती. तीच चव होती ती.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी मूठ वळली. पूर्ण वळली. माझी वेणी मीच घातली.

नवरा दारात उभा राहून पाहत होता. "गुण आला म्हणायचा," तो म्हणाला.

मी हो म्हटलं. चवीचं सांगितलं नाही. मला माहीत होतं आणि मी पुढची पुडी घेतली, त्याच्या पुढचीही. पाच महिने घेतली. भूक अशी लागायची की उभ्या उभ्या शेंगदाण्याचा डबा संपवायची. तोंड गोल झालं, गाल चकाकू लागले, हनुवटीवर लव आली. गावातल्या बाया म्हणायच्या, तब्येत सुधारली. आरशात मला सुजलेलं, तुकतुकीत, परक्या बाईचं तोंड दिसायचं. मी त्याला पावडर लावून दुकानात बसायची.

एक मावशी होत्या, शेतात निंदणाला जाणाऱ्या, साठीच्या. त्यांचीही बोटं माझ्यासारखीच वाकलेली. त्या दुखण्याची गोळी न्यायला यायच्या. एका दुपारी काउंटरवर हात ठेवून उभ्या राहिल्या.

"मॅडम, तुमचे हात तं साजरे झाले. काय घेऊन राह्यल्या तुम्ही?"

खरं सांगायला एकच वाक्य लागलं असतं. मी म्हटलं, "शेगावच्या रस्त्यावर एक वैद्य आहे."

असं का बोलले, ते मी पुष्कळदा तपासून पाहिलं आहे. त्यांचं बरं व्हावं असं वाटलं, हे अर्धं खरं. दुसरं अर्धं असं, की आणखी कुणी तेच घेत असलं तर मी करतेय ते तेवढं वाईट उरत नाही. हे लिहिताना अजून तोंड कडवट होतं.

मावशींनाही गुण आला. त्या मला कापसाच्या शेतातून हात उंच करून दाखवायच्या. मग तुळशीच्या लग्नानंतर वैद्याचं शेड पंधरा दिवस बंद राहिलं. तो कुठंतरी लग्नाला गेला होता. माझ्याकडे पुड्या शिल्लक होत्या. त्यांच्याकडच्या संपल्या. अशी औषधं एकदम तोडली तर शरीर कोसळतं, हे मला पाठ होतं. त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. मीही नाही.

पाचव्या दिवशी त्या कापूस वेचणीच्या ओळीत पडल्या. उलट्या, अंगात त्राण नाही, हातपाय गार. त्यांची सून धावत दुकानात आली, सलाईनची सोय होते का विचारायला. मी शटर ओढलं आणि त्यांच्यासोबत जीपमध्ये बसले. रस्ताभर मावशींचं डोकं माझ्या मांडीवर होतं. त्यांनी माझ्या साडीवर उलटी केली. तिचा वास तिथंच बसलेला, जीप खड्ड्यांतून उसळत होती, आणि मला उलटीची नाही, त्या मांडीची किळस येत होती, जिच्यावर त्यांनी विश्वासानं डोकं ठेवलं होतं.

सरकारी दवाखान्यातला डॉक्टर तरुण होता. त्यानं रक्तदाब पाहिला, सुनेला विचारलं, काही औषधं चालू आहेत का.

"नाही जी. जंगली औषध घेत होती फक्त," सून म्हणाली.

मी म्हटलं, "डॉक्टर, त्यात स्टेरॉइड होतं. पाच दिवसांपासून बंद झालंय."

"तुम्हाला कसं माहीत?"

"मीही तेच घेते. चवीवरून कळलं. मी फार्मासिस्ट आहे."

त्यानं माझ्या तोंडाकडे पाहिलं, त्या गोल तोंडाकडे, आणि पुढे काही न विचारता नर्सला इंजेक्शन सांगितलं. नवरा तोपर्यंत मोटरसायकलवर पोचला होता. तो भिंतीजवळ उभा होता. त्यानं सगळं ऐकलं.

संध्याकाळपर्यंत मावशी शुद्धीवर आल्या. स्टेरॉइडनं त्यांची साखर बरीच चढलेली निघाली. बाहेर बाकावर नवरा माझ्याशेजारी बसला.

"पहिल्या दिवसापासून माहीत होतं तुले?"

"हो."

"मग काऊन घेऊन राह्यली?"

"दुखत नव्हतं."

तो म्हणाला, "मावशीले काऊन सांगतलं?" मी साडीवरचा डाग खरवडू लागले. तो उठला, नळावर गेला आणि ओला रुमाल आणून माझ्या हातात दिला. साडी मीच पुसली.

पुढच्या आठवड्यात आम्ही अकोल्याला सांधेवाताच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. मी सगळं सांगितलं, त्या लिहून घेत राहिल्या. रागावल्या नाहीत; त्याचं मला अधिक लागलं. त्यांनी तेच स्टेरॉइड लिहून दिलं, मोजून, दर पंधरा दिवसांनी मात्रा उतरवत. सोबत मेथोट्रेक्सेट, फॉलिक ॲसिड, आणि ठरावीक दिवसांनी रक्ताची तपासणी. डब्यांचं विचारलं तर म्हणाल्या, "तुमचं व्हिटॅमिन डी कमी आहे, ते घ्या. माशाच्या तेलानं झाला तर थोडा फायदा होईल, पण गोळीच्या जागी नाही. हळद फोडणीत घाला. आणि वरण का सोडलं? प्रोटीन कुठून येणार?"

त्या दिवशी घरी येऊन मी वर्षभरानं तुरीचं वरण आणि ज्वारीची भाकर खाल्ली. चांगली लागली. पण ती चव फार टिकली नाही. मेथोट्रेक्सेटच्या गोळ्या पिवळ्या असतात. दर रविवारी जेवणानंतर त्या घेते आणि सोमवारभर मळमळतं. काही महिन्यांत असं झालं की पिवळं दिसलं की पोटात ढवळतं. पिठलं पाहवत नाही, शेवंतीची वेणी नको होते. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, असं होतं पुष्कळांना, नाहीच जमलं तर इंजेक्शन घेऊ. मी अजून गोळीच घेते. मुठी वळतात, सकाळचा ताठपणा अर्ध्या तासावर आला आहे. उजव्या हाताचं एक बोट वाकडं झालं ते मात्र सरळ होणार नाही.

मावशींना मी त्यांच्या घरी जाऊन सगळं सांगितलं. अंगणात बसल्या होत्या. पूर्ण ऐकून घेतलं.

"तुम्हाले माहीत होतं," त्या म्हणाल्या. विचारलं नाही, नुसतं म्हणाल्या.

"हाव, मावशी."

"म्या तुमच्यावर इस्वास ठेवला. त्या बुवावर नाही."

मग त्यांनी सुनेला हाक मारली आणि तिच्याशी सरकीबद्दल बोलू लागल्या. मी थोडा वेळ थांबले आणि निघाले.

आता त्यांना साखरेची गोळी कायमची लागली आहे आणि गावात जवळचं दुकान माझंच. त्या येतात. मला मॅडम म्हणत नाहीत, काहीच म्हणत नाहीत. पट्टीवरची तारीख नातवाकडून वाचून घेतल्याशिवाय पिशवीत टाकत नाहीत. गेल्या महिन्यात मी त्यांना अकोल्याच्या डॉक्टरीणबाईंचा पत्ता लिहून दिला, बोटांसाठी. त्यांनी चिठ्ठी घेतली. गेल्या की नाही, मी विचारलं नाही.

शेड पुन्हा चालू आहे. मी औषध खात्याकडे तक्रारीचा अर्ज दिला, एक माणूस येऊन नमुना घेऊन गेला, पुढचं कळलं नाही. दर्शनी फळीवरचे डबे मी काढले. परवा एका बाईनं राखाडी पुडी काउंटरवर ठेवून विचारलं, ही घेऊ का. मी पुडीत काय आहे ते सांगितलं, एकदम बंद करू नका हेही सांगितलं. तिनं पुडी उचलून कमरेला खोचली.

"तुमच्या गोळ्या खपत नाहीत म्हणून म्हणता तुम्ही असं," ती म्हणाली आणि पायरी उतरून गेली.