घडी न पडलेला फोटो

आमच्या कोपऱ्यावरचा इस्त्रीवाला कोळशाच्या धुरात तरंगतोय असं वाटायचं. तो कपड्यांवर पाणी शिंपडायचा, कानडीत काहीतरी गुणगुणायचा, आणि सोलापूरचं ऊनसुद्धा वाफ होऊन उडून जायचं.

त्या दुपारी मी धावतच गेलो. एका बाईबरोबरचा माझा फोटो पाठवून कुणीतरी महिनाभर माझ्याकडून पैसे उकळत होतं. ‘बायकोला दाखवू’ म्हणत होतं. तोच फोटो खिशात राहून शर्ट इस्त्रीला गेला होता.

शर्ट तयार होता. खिशात फोटोही होता.

“गप्प बसायचे किती घ्याल?” मी कुजबुजलो.

“शर्टाचे धा रुपये की,” तो इस्त्री फिरवत म्हणाला. “वैनी रोज खिसे रिकामे करून देत्यात. आज म्हनल्या, आत फोटो हाय, घडी पडू देऊ नका.”