तोडीच्या जंगलातलं धनेशाचं झाड

रजा मंजूर झाल्यावर ऑफिसात एकच प्रश्न आला, ‘सफारी का?’ नाही. मी आणि शीतल घानाला निघालो होतो, लाकूडतोड झालेल्या एका जंगलात प्राणी टिपणारे कॅमेरे लावायला. शीतल माझ्यासोबत चाकणच्या कंपनीत क्वालिटीला आहे, मूळची मोशीची. घानातल्या एका छोट्या गटाला सेन्सरचं काम येणारी माणसं हवी होती. खर्च आपला आपण करायचा.

जाणार असाल तर पिवळ्या तापाची लस बरीच आधी घ्या आणि कार्ड पासपोर्टातच ठेवा. परतताना आपल्याकडेही ते बघतात. चिंचवडहून कॅबने मुंबई, आदिस अबाबाला विमान बदलून अक्रा. तिथून कुमासीची एसी बस बरी आहे. पुढे ‘ट्रोट्रो’ नावाची खच्चून भरलेली व्हॅन आणि मातीचा रस्ता. उतरले तेव्हा माझ्या कानातही माती होती. शाकाहारी असाल तर पाम तेलातली चवळी आणि तळलेली केळी मागा. रोज तेच मिळेल.

जंगल लांबून दाट दिसतं. आत ट्रकचे जुने रस्ते, कापलेले बुंधे आणि मधूनमधून राहिलेली उंच झाडं. जंगल राखीव आहे, पण परवाना घेऊन त्यातली ठरावीक झाडं तोडता येतात. उरलेल्यात प्राणी टिकवायचे, हे गटाचं काम. गटप्रमुख अबेना पन्नाशीची, कमी बोलणारी. तिने एका झाडाची ढोली दाखवली. धनेशाची मादी ढोलीचं तोंड लिंपून पिल्लासह आत स्वतःला चिणून बसली होती. फटीतून चोच तेवढी दिसायची. नर फळं आणून भरवायचा.

कॅमेरा समोर लावला, पण हलणाऱ्या पानांनी तो सारखा चालू होत होता. अबेना दुसरीकडे गेलेली. आम्ही शॉप फ्लोअरवर मशीनभोवती करतो तेच केलं. बुंध्यावरच्या वेली कापल्या, झुडपं काढली, पायवाट मोकळी केली. दुपार गेली, हात सोलवटले. चित्र स्वच्छ आलं.

दुसऱ्या दिवशी त्याच पायवाटेने तोडीची टोळी आली. आम्ही अबेनासोबत पोचलो तेव्हा करवतवाला बुंध्याशी उभा होता.

“कुणी साफ केलं?” अबेनाने विचारलं.

“आम्ही,” मी म्हणाले.

टोळीचा मुकादम हसला. “मग आभार, मॅडम. झाड आमच्या वाट्याचंच आहे. वेलींच्या जाळ्यात तोडायला गेलं की शेजारच्या फांद्या ओढून अंगावर येतात, माणूस मरतो, म्हणून सोडून दिलं होतं.”

शीतल माझ्याकडे वळली. “अगं, आपुन चांगलं म्हनून केलं, आन् ह्यांना आयतं ताट वाढलं.”

“पिल्लू उडेपर्यंत थांब,” अबेना त्याला म्हणाली.

“तोवर पक्षी माझ्या माणसांना जेवू घालणार?”

“पलीकडची झाडं आधी घे. पिल्लू गेलं की मी स्वतः कळवीन.”

“आणि नाही कळवलंस तर?”

“मी कधी खोटं बोलले?”

त्याने वर ढोलीकडे पाहिलं. मग करवत उचलून पलीकडच्या झाडांकडे न्यायला सांगितली. उरलेले दिवस आम्ही कॅमेरे लावले, एक पानही न तोडता.

घरी आल्यावर बरेच आठवडे, झाड पडल्याचा निरोप असेल या भीतीने, मी फोन उघडणं टाळायचे. मग अबेनाचा व्हिडिओ आला. पिल्लू ढोलीच्या तोंडाशी डुगडुगलं आणि उडालं. मागोमाग तिचा निरोप: मुकादमाला कळवलं, झाड तोडलं.

ती शब्दाला जागली, याचा मला राग आला होता. आता नाही. मुकादम पुढच्या झाडापाशीही तिचं ऐकेल, ते यामुळेच. पण एवढी ढोली पडायला झाड म्हातारं व्हावं लागतं, आणि तोडीच्या जंगलात झाडं म्हातारी होत नाहीत. शीतल म्हणते, ढोलीसारखा लाकडी खोका करून बघू. अबेनाकडून मापं मागवली आहेत. धनेश तो घेतील का, हे तिलाही सांगता येत नाही.