धरा ते टोक

गल्लीत त्यांना सगळे ‘होणारे डॉक्टर’ म्हणत. पीएचडीला नाव घातलं त्या वर्षी कौतुकाने म्हणत, पुढे सवयीने म्हणू लागले. शेवटी शेवटी तर कोपऱ्यावरचा न्हावी पत्ता सांगताना ‘होणाऱ्या डॉक्टरांच्या घरावरून डावीकडे’ असं इतक्या गंभीरपणे सांगे, की ते घराण्याचं आडनावच वाटावं.

सकाळी शाळेत इतिहास शिकवायचा आणि दुपारी घरी येऊन ग्रीक-लॅटिनमध्ये डोकं घालायचं, असा त्यांचा वर्षानुवर्षांचा क्रम. घरात मोठं म्हणावं असं एकच टेबल होतं. त्यावर शब्दकोश चढले ते उतरलेच नाहीत. त्यांची बायको पडदे शिवायची. कापड बेतायला टेबल नाही म्हणून ती पलंगावर बेतायची, आणि पलंगावर कापड म्हणून घरची माणसं ताट मांडीवर घेऊन जेवायची. सासूबाई मुक्कामाला आल्या की पहिल्या घासालाच विचारायच्या, “जावईबापू, ते तुमचे रोमन लोक तरी टेबलावर जेवायचे का?”

“नाही, आई. आडवे पडून जेवायचे.”

“मग आमचं बरंच चाललंय म्हणायचं.”

आता त्यांच्या संशोधनाचं कोडं काय होतं, तेही ऐका. जुना एखादा रोमन लेखक ठासून लिहितो, की अमक्या ग्रीक पंडिताने असं असं म्हटलंय. आपण तो ग्रीक ग्रंथ काढून बघावा, तर पंडित म्हणतोय भलतंच. मोठमोठ्या अभ्यासकांनी याची मोठमोठी कारणं दिली होती. होणाऱ्या डॉक्टरांचं म्हणणं मात्र सरळ होतं. त्या काळी पुस्तकाला पानं नव्हती. लव्हाळ्याच्या लांबच लांब कागदाची गुंडाळी असायची. मागचं एक वाक्य बघायचं तर सगळी मागे गुंडाळत जा, पुन्हा पुढे उलगडत या. कोण करणार एवढा उपद्व्याप? माणूस म्हणायचा, राहू दे, आठवतंय मला, आणि ठोकून द्यायचा.

“लबाडी नाही हो ही, नुसता कंटाळा आहे,” असं ते दूधवाल्यालासुद्धा समजावून सांगत. त्याला ते लगेच पटे. विद्वानांना पटत नव्हतं.

आणि इथेच त्यांच्या डोक्यात किडा वळवळला. ज्याने गुंडाळी कधी हातात धरली नाही, त्याला हा कंटाळा कळणार कसा? म्हणून त्यांनी ठरवलं, प्रबंधच गुंडाळीवर द्यायचा. बायकोने डोक्यावर हात मारून घेतला, पण पडद्याच्या दांड्या तिनेच काढून दिल्या. कागद एकाला एक चिकटवले, दोन्ही टोकांना दांड्या लावल्या आणि वरून अस्तराच्या कापडाची खोळ शिवली. जुन्या लोकांनी मोठ्या ग्रंथाच्या अनेक लहान गुंडाळ्या केल्या असत्या. यांनी हौसेने सगळ्याची मिळून एकच केली. ती इतकी जाड झाली, की एकट्याच्या दोन हातांत मावेना. वाचायचं तर एकाने इकडची दांडी धरायची, दुसऱ्याने तिकडची.

मार्गदर्शक बाईंनी ते प्रकरण बघितलं आणि म्हणाल्या, “अहो, तुमची ही शेवटची मुदतवाढ आहे. या खेपेला नापास झालात तर पुन्हा नोंदणी नाही. सगळ्या वर्षांवर पाणी. कळतंय ना?”

“कळतंय, बाई.”

“आणि परीक्षक कोण येणार आहेत, माहीत आहे ना? त्या माणसाची स्मरणशक्ती दांडगी आहे. कागद हातात न धरता भल्याभल्यांना घरी पाठवलंय त्यांनी.”

“म्हणून तर, बाई.”

बाईंनी सुस्कारा सोडला आणि हात पुढे केला. “द्या बघू एक टोक.”

विद्यापीठाच्या खिडकीवर कारकुनाने नियमांचं पुस्तक उघडलं. मजकूर कागदाच्या एकाच बाजूला हवा, होता. समास सोडलेला हवा, होता. पानं सलग हवीत. कारकून त्या गुंडाळीकडे बघत राहिला आणि म्हणाला, “साहेब, इतकं सलग आजवर कोणी दिलेलं नाही.” पानांची संख्या विचारणाऱ्या चौकटीत त्याने ‘एक’ लिहिलं आणि शिक्का मारला.

तोंडी परीक्षेच्या दिवशी होणारे डॉक्टर इस्त्रीचा सदरा घालून निघाले. बायकोही सोबत गेली. गुंडाळी फाटली तर शिवायला कोणी हवं, म्हणून पिशवीत सुई-दोरा घेतला होता. खोलीत लांबलचक टेबल, एका टोकाला परीक्षक, दुसऱ्या टोकाला बाई. परीक्षक काठीसारखे सरळ बसले होते. समोर कागदाचा कपटाही नाही.

“तुमचा प्रबंध मी वाचला,” ते म्हणाले. “माझ्या घरच्या ओसरीत, उभ्याने. दुसरं टोक आमच्या मंडळींनी धरलं होतं. त्या अजून माझ्याशी नीट बोलत नाहीत.”

“माफ करा, सर.”

“ते असू दे. चौथ्या प्रकरणात तुम्ही लिहिलंय, की प्राचीन लेखक खोटारडे होते. एवढं मोठं विधान कशाच्या जोरावर करता?”

“सर, मी तसं लिहिलेलं नाही.”

“लिहिलंय. प्रकरणाच्या सुरुवातीलाच. शब्द न् शब्द लक्षात आहे माझ्या.”

“नाही सर, खरंच नाही.”

“मग काढा बघू.”

झालं. गुंडाळी टेबलावर ठेवली. ती आधीच्या वाचनानंतर कोणी मागे गुंडाळलीच नव्हती, म्हणजे उघडली तर समोर थेट शेवटचा ऋणनिर्देश. तिथून मागे जायचं. बाईंनी एक दांडी धरली, होणाऱ्या डॉक्टरांनी दुसरी. कागद टेबलावरून सरकू लागला, दाबायला पाण्याचा तांब्या ठेवला, मग बाईंची पर्स, मग परीक्षकांचा जेवणाचा डबा. सातवं प्रकरण गेलं, सहावं जाता जाईना. तेवढ्यात यांच्या घामेजल्या हातातून दांडी सुटली. ती टेबलावरून खाली, खालून दाराबाहेर आणि बाहेरच्या व्हरांड्यात उताराला लागली, ती थेट रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेपर्यंत. मागोमाग तीन प्रकरणं पायघड्यांसारखी अंथरली गेली.

प्रयोगशाळेतून एक माणूस डोकावून म्हणाला, “कोणाचं लग्न आहे का?”

“परीक्षा आहे,” होणाऱ्या डॉक्टरांची बायको म्हणाली. “पाय देऊ नका, नवऱ्याची बारा वर्षं आहेत ती.”

सगळे व्हरांड्यात ओणवे झाले. परीक्षकही आले. कमरेवर हात ठेवून वाकून वाचू लागले. चष्मा घसरला, गुडघा वाजला. ते काहीतरी वाचत आणि म्हणत, “हे नाही, याच्या मागे.” मागे जावं तर कागदाला पीळ पडलेला. पीळ सोडवला तर चौथ्याऐवजी दुसरं प्रकरण हाती यायचं. जेवणाची वेळ टळून गेली. डबा तिकडे खोलीत सातव्या प्रकरणावर वजन म्हणून बसलेला. तो उचलावा तर कागद सुटणार.

शेवटी परीक्षक कण्हत सरळ झाले आणि हात झटकून म्हणाले, “अहो, राहू द्या आता. आठवतंय मला, तेच धरून पुढे चालू.”

बाईंनी होणाऱ्या डॉक्टरांकडे बघितलं. ते गुडघ्यांवर बसले होते, तोंड उघडं. प्रबंधाचं पाचवं प्रकरण सबंध याच वाक्यावर होतं. दोन हजार वर्षांपूर्वीच्या माणसाच्या तोंडी त्यांनी ते घातलं होतं, आणि त्याला पुरावा काय, म्हणून रात्रंदिवस जीव टांगणीला लागला होता.

परीक्षकांनाही जरा वेळाने उमगलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मग स्वतःशीच म्हणाले, “कंबर फार दुखते हो.”

“त्यांचीही दुखत असेल, सर,” होणारे डॉक्टर हळूच म्हणाले.

चौथं प्रकरण सापडलं ते नंतर, बायकोला. ती पडद्याचं कापड गुंडाळावं तशी गुंडाळत येत होती. तिने मोठ्याने वाचलं, “‘प्राचीन लेखक खोटारडे नव्हते; मागे जाण्याचा त्यांना कंटाळा होता.’ हेच ना हो?”

परीक्षकांनी मान डोलावली आणि डबा मागितला. जेवून होताच त्यांनी शिफारस लिहून दिली. होणारे डॉक्टर पास झाले.

इथे गोष्ट संपायला हवी होती. पण परीक्षकांनी अहवाल लिहिला तो आपल्या गावी जाऊन, आणि लिहिताना गुंडाळी काही पुन्हा उलगडली नाही. अहवालात त्यांनी प्रबंधाची तोंडभरून स्तुती केली आणि त्यातलं सर्वांत मोलाचं वाक्य म्हणून अवतरणचिन्हांत दिलं, ‘प्राचीन लेखक खोटारडे होते.’ ते वाचून आणखी कोणी लिहिलं, त्याचं वाचून तिसऱ्याने. विद्वानांत डॉक्टरांचं नाव झालं ते या न लिहिलेल्या वाक्यावर. सुरुवातीला त्यांनी खुलाशाची पत्रं पाठवली. मग एकदा पुरावा म्हणून मूळ वाक्य उतरवून घ्यायला बसले, अर्धी गुंडाळी मागे नेली आणि म्हणाले, जाऊ दे.

टेबल मात्र रिकामं झालं. बायको त्यावर कापड बेतते, त्यामुळे जेवण अजूनही मांडीवरच आहे. न्हावी अजून होणाऱ्या डॉक्टरांवरूनच पत्ता सांगतो. परवा असाच पत्ता विचारत एक तरुण संशोधिका आली. म्हणाली, “ते ‘खोटारडे होते’ हे वाक्य मूळ प्रबंधात नक्की कुठे आहे, ते बघायला आले होते.”

“ते त्यात नाहीच,” डॉक्टर म्हणाले.

“असं कसं? सगळ्यांनी दिलंय.”

बायकोने तोंडातल्या टाचण्या काढून बाजूला ठेवल्या. माळ्यावरून अस्तराची खोळ खाली घेतली आणि पाहुणीपुढे दांडी केली.

“धरा ते टोक.”

पाहुणीने दांडीकडे पाहिलं, त्या जाडजूड गुंडाळीकडे पाहिलं, मग दारापर्यंतच्या लांबीचा अंदाज घेतला.

“राहू द्या,” ती म्हणाली. “सगळ्यांनी दिलंय, म्हणजे असेलच.”